एक सही राहून गेली

५ डिसेंबर १९७१. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे विमान घेऊन उडाले, ते अजून परतले नाहीत. मग त्यांना म्हणायचं काय, शहीद की बेपत्ता? विजय दिवसाच्या निमित्तानं, सदरमधल्या एका बाल्कनीतून.

एडिटरचा फोन आला तेव्हा मी सदरच्या मंगळवारी बाजारात मेथीच्या जुडीवरून भाव करत होते.

"विजय दिवस येतोय. एक शहीद पायलट दे. यंग, हॅण्डसम. लव्हस्टोरी असेल तर बेस्ट. अडीच हजार शब्द. आणि प्लीज, रडकं नको."

फ्रीलान्सरला 'नाही' म्हणायची चैन परवडत नाही. मी 'हो' म्हटलं, मेथी घेतली आणि घरी येईपर्यंत नावही ठरलं होतं. खरं तर ते माझ्या डोक्यात आठ वर्षांपासून बसलेलं होतं. फक्त ते नाव 'शहीद' या खणात बसतं का, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

आठ वर्षांपूर्वीचं सांगते. नोव्हेंबर २०१७. मी मासकॉमच्या वर्गात होते आणि आमच्या नागपुरात सीनियर नॅशनल बॅडमिंटन आलं होतं. सदरवरून छावणी, तिथून सरळ मानकापूर. विभागीय क्रीडा संकुलात पाय ठेवायला जागा नव्हती. फायनलला सायना विरुद्ध सिंधू! सायनानं २१-१७, २७-२५ अशी मॅच काढली. दुसऱ्या गेममध्ये आमच्या रांगेतल्या एका काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तो काळानिळा पडला. त्या रात्री झोप येईना म्हणून मी नेटवर बसून जुन्या महिला चॅम्पियन्सची माहिती चाळत होते. कॉलेजच्या मासिकासाठी काहीतरी मिळेल, एवढाच हेतू. तिथे एक नाव भेटलं. दमयंती तांबे, माहेरच्या सुभेदार. तीनदा राष्ट्रीय विजेत्या. १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्या आहेत, तांबे या नावानं. म्हणजे नवं आडनाव नुकतंच लागलेलं. मला वाटलं, छान, मराठी मुलगी, चॅम्पियन, अर्जुन, एक प्रोफाइल होऊन जाईल.

पुढच्याच क्लिकवर कळलं की त्यांचे पती एअरफोर्समध्ये होते आणि १९७१ च्या युद्धात गेले ते परत आले नाहीत. मी लॅपटॉप बंद केला. वीस वर्षांच्या मुलीला झेपेल असा तो विषय नव्हता.

आता मी अठ्ठावीसची आहे. झेपेल असं वाटलं.

सुखोईचा आजोबा

विजय वसंत तांबे. वायुदलाच्या ३२ नंबर स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट लेफ्टनंट. लग्न झालं १९७० मध्ये. संसार अंबाल्याच्या एअरफोर्स कॅम्पातला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा युद्ध पेटलं.

ते उडवायचे ते विमान सुखोई-७. सुखोई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ते आजचं दोन शेपट्यांचं चकचकीत सुखोई-३० येतं, ज्याचा फोटो प्रत्येक दुसऱ्या रिक्षाच्या मागे असतो. हे त्याच्या आजोबांच्या पिढीचं. फायटर-बॉम्बर, म्हणजे बॉम्ब टाकायचे, रॉकेटं मारायची, तोफा चालवायच्या आणि वाटेत कोणी आडवं आलंच तर लढायचंही. तेही एकट्यानं. कॉकपिटमध्ये सीट एकच.

इथे मला एका माणसाची मदत झाली. आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. एअरफोर्समधून निवृत्त झालेले इंजिन फिटर. शेवटचं पोस्टिंग आपल्याच वायुसेनानगरात, मेंटेनन्स कमांडच्या हेडक्वार्टरला झालं आणि मग ते नागपूरचेच होऊन गेले. त्यांची एकच अट होती. "माझं नाव टाकू नको पोरी. मी काही विमान उडवलं नाही. मी नट आवळले." १९७१ मध्ये ते विशीत होते. तांब्यांच्या स्क्वाड्रनमध्ये नव्हते, ते दुसऱ्याच तळावर होते. पण विमान तेच.

"आम्ही त्याले एस-ट्वेंटीटू म्हणायचो," काका सांगत होते. बाल्कनीत आम्ही दोघं, मध्ये चहा आणि काकूंनी ठेवलेला चिवडा. "रशियन धूड. नाकातून हवा ओढे. इंजिन एकच, पण तेल प्यायचं दोघांचं. लांब जाता येत नव्हतं म्हणून पोटाखाली तेलाच्या जास्तीच्या टाक्या लावा. टाक्या लावल्या की बॉम्बची जागा गेली. मग काय, थोडक्यात भागवा. पण मजबूत! शेपटीले भगदाड पडलेलं विमान परत आलं, असं आम्ही ऐकलं होतं. खाली उतरायचं ते इतक्या जोरात की मागून पॅराशूट सोडल्याशिवाय थांबायचं नाही."

"आणि पायलट?"

काका हसले. "पोरं होती. तुझ्याएवढी. आम्ही 'सर' म्हणायचो, पण होती पोरंच."

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून आपली विमानं पलीकडच्या तळांवर जाऊ लागली. शत्रूच्या धावपट्टीवर दिवसाउजेडी, जमिनीलगत जाऊन मारा करायचा, हे काम काय असतं ते नकाशावर कळत नाही. काकांनी चिवड्याची बशी मध्ये ठेवली आणि तिच्याभोवती बोटानं गोल काढला. "ही धावपट्टी. चारी बाजूंनी तोफा. त्यांले माहीत आहे तू येऊन राहिला. तूही जाणतो की त्यांले माहीत आहे. तरी तुले सरळ आत जाचं आहे, कारण वळला तर नेम चुकला."

५ डिसेंबरला विजय तांब्यांचं लक्ष्य होतं शोरकोट रोड. पाकिस्तानी पंजाबातला हवाई तळ. विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात त्यांचं विमान पडलं.

एक गोष्ट वाचताना मी थबकले. शोरकोटच्या या तळाचं नाव आहे रफीकी. सरफराज रफीकी हा पाकिस्तानचा तरुण स्क्वाड्रन लीडर, १९६५ च्या युद्धात आपल्या हलवाऱ्यावर हल्ला करायला आला आणि तिथेच मारला गेला. म्हणजे इकडे येऊन न परतलेल्या त्यांच्या वैमानिकाच्या नावाच्या तळावर आपला वैमानिक गेला, आणि तोही परतला नाही. सिनेमात असं दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीही काय!

पाचापैकी एक

इथवर गोष्ट सरळ आहे. युद्ध, हल्ला, पडलेलं विमान. एडिटरच्या खणात बसणारी.

मग एक कात्रण येतं. डाक्का तेव्हा अजून पाकिस्तानातच होतं. तिथून निघणाऱ्या पाकिस्तान ऑब्झर्व्हर या इंग्रजी वर्तमानपत्रात त्याच दिवसांत बातमी आली की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेले आहेत. त्यात एक नाव होतं, फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे.

टॉम्बे. त्या नावाचा दुसरा कोणी आपल्या वायुदलात नव्हता.

विचार करा. तुम्ही विशीत आहात. नवरा गेला असं एका बाजूनं कानावर येतंय आणि दुसऱ्या बाजूनं छापील कागद सांगतोय की तो पकडला गेला, म्हणजे जिवंत आहे. युद्ध तेरा दिवसांत संपलं. १६ डिसेंबरला डाक्क्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. आपल्याकडे ९३ हजार कैदी आले. देशभर पेढे वाटले गेले. त्यांच्याकडचे आपले कैदी कधी ना कधी सुटणार, हे उघड होतं. तेव्हा वाट बघायची. वर्ष, फार तर दोन.

१ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून आपले युद्धकैदी परत आले. वैमानिकही आले. त्यात विजय तांबे नव्हते.

परतलेल्यांत एक मराठी नाव होतं, दिलीप पारुलकर. तेही फ्लाइट लेफ्टनंट, तेही सुखोई-७ वरचे. तांबे पडले त्यानंतर पाच दिवसांनी, १० डिसेंबरला पारुलकरांचं विमान पडलं. त्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, कारण ती भन्नाटच आहे. रावळपिंडीच्या कैद्यांच्या छावणीत भिंतीला भोक पाडून ऑगस्ट १९७२ मध्ये पारुलकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे पळाले. पेशावर मागे टाकलं, लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाणिस्तानची हद्द हाकेवर. तिथे त्यांनी लंडी खान्याचा रस्ता विचारला. नकाशात ते स्टेशन होतं, पण इंग्रजांच्या काळातच बंद पडलं होतं. आता तिथे जातंय कोण? लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. नंतर मायदेशी आले, यावर पुस्तक झालं, सिनेमा झाला. पारुलकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, पूर्ण आयुष्य जगून. पेपरांत चांगले मोठे मृत्युलेख आले.

मी ते वाचत होते तेव्हा मनात सारखं एकच. एकच विमान, एकच हुद्दा, पाच दिवसांचं अंतर. एकाच्या आयुष्याला शेवटची तारीख आहे. दुसऱ्याच्या नाही.

आशा नावाची शिक्षा

यानंतरची पन्नास वर्षं मी लवकर सांगू शकत नाही. ती लवकर गेलेलीच नाहीत.

१९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले आणि पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असं घरच्यांना वाटत आलं, असे सैनिक आणि वैमानिक मिळून एक यादी तयार झाली. 'मिसिंग ५४' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात विजय तांबे आहेत. तिच्यातल्या प्रत्येक घरात एकेक धागा आहे आणि प्रत्येक धागा मध्येच तुटतो. 'टाइम' साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात गजांआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचा फोटो छापून आला. मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी तो ओळखला. मेजर अशोक सुरींच्या वडिलांना युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी आली. नंतर आणखी एक आली, कराचीहून, आम्ही इथे वीस अधिकारी आहोत अशा मजकुराची. भुट्टोंच्या खटल्यावर व्हिक्टोरिया स्कोफील्ड या पत्रकार बाईंचं पुस्तक आहे. त्यात लाहोरच्या तुरुंगात पलीकडच्या बराकीतून येणाऱ्या भारतीय कैद्यांच्या किंकाळ्यांचा उल्लेख आहे. आणि तांब्यांच्या बाबतीत, १९८९ साली एका नातेवाइकानं फैसलाबादच्या तुरुंगात त्यांना पाहिल्याचं सांगितलं.

पाहिलं? खरंच? की वर्षानुवर्षं शोधत असलेला चेहरा कुठल्याही दाढीवाल्या माणसात दिसू लागतो?

मी कोण ठरवणार. पण पत्रकार म्हणून सांगते, यातला एकही धागा कोर्टात शेवटपर्यंत टिकेल असा नाही, आणि एकही असा नाही की जो हातात आल्यावर कुणी सोडून देईल. जो माणूस 'मी त्याला पाहिलं' म्हणून येतो, तो चांगल्या मनानंच येत असेल. पण तो गेल्यावर त्या घरात काय होत असेल याचा विचार मी केला आणि मला राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही.

सरकारचं काय? १९७९ मध्ये लोकसभेत प्रश्न विचारला गेला. परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी उत्तरादाखल चाळीस जणांची यादी ठेवली. म्हणजे सरकारनंच मानलं की हे लोक तिकडे असावेत. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आलं. कोणी भेटलं नाही. मग थेट २००७. जूनमध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानात गेले आणि तिथल्या दहा तुरुंगांत फिरले. त्यात दमयंती तांबे होत्या. पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटलेला. छत्तीस वर्षांपूर्वीचा नवरा म्हाताऱ्या कैद्यांच्या चेहऱ्यांत शोधायचा. तेव्हाही कोणी भेटलं नाही. पाकिस्तानचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, आमच्याकडे तुमचा एकही युद्धकैदी नाही.

त्याच वर्षी '१९७१' नावाचा हिंदी सिनेमा आला, मनोज वाजपेयीचा, अशाच कैद्यांवर. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, थिएटरं मात्र रिकामी. लॉकडाउनमध्ये यूट्यूबवर तो धो धो पाहिला गेला. मीही तेव्हाच पाहिला. शेवटी रडले, आणि नंतर पिझ्झा मागवला. आपण असेच आहोत.

आता सर्वांत विचित्र भाग. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला विचारलं, हे ५४ जण जिवंत आहेत का? सरकारी बाजूनं उत्तर आलं की माहीत नाही, पाकिस्तान नाकारतोय, तेव्हा ते हयात नाहीत असं आम्ही धरून चालतो. आणि २०१९ मध्ये संसदेत सरकारनंच सांगितलं की संरक्षण दलांतले ८३ बेपत्ता लोक पाकिस्तानच्या ताब्यात असावेत असं मानलं जातं आणि त्यात हे ५४ आहेत. एका इमारतीत गेलेले, दुसऱ्या इमारतीत असावेत. दोन्ही इमारती दिल्लीतच. कायदा म्हणतो, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरा. सात वर्षं १९७८ मध्येच झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच सरकारनं नावांची यादी काढली. सांगा, अशा घरात फोटोला हार कधी घालायचा?

'पत्नी' एवढीच ओळख

एडिटरला लव्हस्टोरी हवी होती. ती आहे, पण ती माझी नाही, म्हणून मी तिच्यात शिरणार नाही. दमयंतीताईंनी मुलाखती दिल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी शोधून वाचाव्यात. मला वेगळंच खटकलं. त्यांच्याविषयी मी जे जे वाचलं त्यात पहिलं वाक्य 'वैमानिकाची पत्नी' असं आणि बॅडमिंटन तिसऱ्या नाहीतर चौथ्या परिच्छेदात. ही बाई देशाची सर्वोत्तम महिला खेळाडू होती हो! तीनदा! तेव्हाच्या बॅडमिंटनमध्ये ना पैसा होता, ना जाहिराती, ना गोपीचंद अकॅडमी. पुढे त्यांनी दिल्लीत जेएनयूच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि मुलांना खेळायला लावलं. निवृत्त होईपर्यंत. एका हाताला हे सगळं चालू, दुसऱ्या हाताला मंत्रालयांच्या पायऱ्या, अर्ज, शिष्टमंडळं.

मी त्यांना फोन केला नाही. नंबर मिळाला असता. विजय दिवसाच्या आठवड्यात दर वर्षी त्यांचा फोन किती वेळा वाजत असेल, आणि दर वेळी पलीकडे माझ्यासारखीच कोणीतरी, डेडलाइनवाली. 'तुम्हाला काय वाटतं, ते कुठे असतील?' हा प्रश्न मला विचारायचा नव्हता आणि दुसरा कोणता सुचत नव्हता.

मग मी उगाच जगाकडे बघत बसले, लोक काय करतात ते. लंडनमध्ये ग्रीन पार्कात बॉम्बर कमांडचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे ५५,५७३ लोक गेले, बहुतेक तरुण पोरं. स्मारक व्हायला २०१२ उजाडलं. त्याच्या छताला त्या काळात पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरचं ॲल्युमिनियम वापरलंय. अमेरिकेनं तर हरवलेल्यांना शोधायला वेगळी एजन्सीच ठेवली आहे. व्हिएतनामच्या युद्धातले दीड हजारांवर लोक अजून त्यांच्या यादीत आहेत आणि शोध चालू आहे. त्यांची माणसं आपल्या अरुणाचलच्या डोंगरांतही येऊन गेली. १९४४ मध्ये तिथे पडलेल्या एका बी-२४ बॉम्बरच्या जागेवरचे अवशेष २०१६ मध्ये दिल्लीहून सन्मानानं अमेरिकेला पाठवले गेले. बहात्तर वर्षांनी. हाड सापडलं तर हाड, दात सापडला तर दात. घरच्यांना काहीतरी पुरायला मिळतं.

शोरकोट आपल्या हद्दीपासून विमानानं काही मिनिटांवर आहे. ते विमान नेमकं कुठल्या शेतात पडलं, हे तिथल्या कुठल्या तरी म्हाताऱ्याला अजून ठाऊक असेल. दोन देशांनी मनावर घेतलं तर तिथे जाऊन माती चाळणं काही चंद्रावर जाण्याएवढं अवघड नाही. चंद्रावर तर आपण जाऊन आलो.

काकांचं रजिस्टर

डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी मी परत काकांकडे गेले. माझा प्रॉब्लेम अगदी साधा होता, व्याकरणाचा. विजय तांबे 'होते' लिहू की 'आहेत'? 'शहीद' लिहिलं तर एका बाईची पन्नास वर्षं मी एका शब्दात निकालात काढते. 'आहेत' लिहिलं तर आज ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसाला मी कोठडीत बसवते, आणि त्याला आधार काय, तर एक चुकीच्या स्पेलिंगची बातमी. खरं सांगायचं तर मला स्वतःला वाटतं की ते त्या दिवशी किंवा त्यानंतर लवकरच गेले असावेत. वाटतं. पण वाटण्यावर छापायचं का?

काका बराच वेळ बोलले नाहीत. खाली सदरच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांग लागली होती. मग म्हणाले, "तुले फॉर्म सेव्हन हंड्रेड माहीत आहे का?"

नव्हता.

"प्रत्येक विमानाची एक वही असते. उडायच्या आधी आम्ही आपापल्या कामाची सही करतो. इंजिनवाला इंजिनची, हत्यारवाला हत्याराची. म्हणजे विमान ठीक आहे, जबाबदारी माझी. मग पायलट येते, वाचते, सही करते. आता विमान त्याचं. परत आला की पुन्हा वही. काय बिघडलं, काय खडखडलं, सगळं लिहायचं आणि सही. मग विमान पुन्हा आमचं."

"आणि परत आला नाही तर?"

"तर काय. आपली सही आहे, त्याची जातानाची सही आहे, येतानाची नाही." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "युद्धाच्या दिवसांत आम्ही घड्याळ नाही पाहत होतो पोरी, तेल पाहत होतो. किती तेल भरलं ते आम्हालेच माहीत. त्या तेलात किती मिनिटं उडता येते, तेही माहीत. तेवढी मिनिटं झाली की समजून जायचं. तरी पोरं उन्हात उभी राहत. शिडी घेऊन. विमानाची शिडी असते नं, पायलटले उतरायले, ती हातात धरून. कोणी म्हणत नव्हतं ठेव खाली."

"किती वेळ?"

"सार्जंट ओरडेपर्यंत."

त्यांच्या तळावर असं दोनदा झालं, एवढंच सांगितलं. नावं सांगितली नाहीत, मी विचारली नाहीत. काकूंनी आतून दिवा लावला आणि मला जेवूनच जायला सांगितलं. भरलेली वांगी होती. जेवताना काका एअरफोर्सच्या मेसमधल्या जाड चपात्यांविषयी बोलत राहिले आणि आम्ही खूप हसलो.

रात्री मी लेख संपवला. 'होते' आणि 'आहेत' जिथे टाळता आलं तिथे टाळलं. तुम्ही वर जाऊन बघाल तर कुठे कुठे सापडेल, सगळीकडे नाही जमलं. 'शहीद' काढला. सकाळी एडिटरचा फोन आला. हेडिंगमध्ये 'शहीद' असेल तर लोक जास्त वाचतात, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, सरकारी यादीत त्यांच्यापुढे 'बेपत्ता' आहे. तो दोन सेकंद गप्प बसला, मग म्हणाला, "ओके, तुझी बायलाइन आहे."

जिन्यात काका भेटले. हातात दुधाची पिशवी.

"मग? काय लिहिलं?"

"बेपत्ता."

त्यांनी मान हलवली आणि दोन पायऱ्या चढून परत वळले. "आणि आडनाव नीट टाक बरं. तांबे. तिकडच्यांनी टॉम्बे करून ठेवलं होतं."

मी वर येऊन फाइल उघडली आणि एकेक 'तांबे' तपासून पाहिलं.